दोनशे बारावं पान

समोरच्या भिंतीवर आपलंच तोंड टांगलेलं बघून दैवशालाच्या हातातली पिशवी गळालीच असती… पण आत वाचनालयाचं पुस्तक होतं, म्हणून तिनं ती छातीशी घट्ट धरली.

जुन्या जालन्यातल्या मंगल कार्यालयात छायाचित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. शेजारच्या वाचनालयात आवडती कादंबरी तिसऱ्यांदा नावावर टाकून ती सहज आत डोकावली, तर हे. डोक्याला रुमाल, अंगात बापाचा जुना सदरा, गालावरून ओघळलेलं पाणी. सगळं काळंपांढरं. खाली मथळा होता – ‘करपलेलं आयुष्य’. आणि कोपऱ्यात चिठ्ठी – प्रथम क्रमांक.

“बिचारी,” पुढं उभ्या असलेल्या दोन बाया हळहळल्या आणि पुढच्या फोटोकडे सरकल्या.

“कसा वाटला?” बाजूनं आवाज आला.

कुरळ्या केसांचा, गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक तरुण उभा होता. स्वतःवर बेहद्द खूष असल्यासारखा हसत होता. हसू गोड होतं, हे दैवशालाच्या ध्यानात आलं आणि तिला आणखीच चीड आली.

“तुमी काढला?”

“हां. मी पारस. इथंच गल्लीत कापडाचं दुकान हाय आमचं. पन जीव ह्याच्यात.” त्यानं कॅमेऱ्यावर टिचकी मारली. “सिनेमे बघून बघून शिकलो. उजेड कुठून येतो, चेहऱ्याच्या किती जवळ जायचं… डोळे बघा तिचे. बराबर काळजात घुसतेत.”

“काय झाल्तं तिला?”

“दुष्काळ. विहीर आटली आसंल. नवरा बी…” त्यानं दुःखानं मान हलवली.

“नवरा बी हाय?”

“म्हंजे… व्हता आसंल.”

दैवशालानं चष्मा काढला. गळ्यातली ओढणी डोक्याला करकचून बांधली आणि फोटोशेजारी जाऊन उभी राहिली.

“बघा आता बराबर. कवा मेला माझा नवरा? लग्नाच्या आधी का नंतर?”

पारसनं फोटोकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, परत फोटोकडे. हसू पार मावळलं.

दिवाळीनंतर बियाणे कंपनीनं शेतं दाखवायला गाडी भरून माणसं नेली होती, त्यात कॅमेरेवालेही होते. जांब समर्थच्या अलीकडचं दैवशालाचं शेत त्यांनी बघितलं. मिरचीच्या फुलांना हातानं पराग लावायचं सकाळचं काम उरकून ती शेडनेटमध्ये क्रेटवर वाचत बसली होती. दोनशे बारावं पान चालू होतं. त्या पानावर म्हातारा स्टेशनमास्तर शेवटची गाडी सोडून घरी येतो आणि बायको जाऊन वर्ष झालंय हे विसरून दोन कप चहा ठेवतो. हे पान आलं की दैवशाला रडायचीच. पाय मोडला होता तेव्हाही ती एवढी रडली नव्हती.

“माझं पुस्तक कुठंय?” तिनं विचारलं. “मांडीवर व्हतं. दोनशे बारावं पान.”

“कापलं,” पारस पुटपुटला. “त्याच्यानं… दुःख कमी दिसू राह्यलं होतं.”

“दुःख पुस्तकातलंच व्हतं ते. आन मागच्या हिरव्या मिरच्या? त्या बी कापल्या?” तिचा आवाज चढला. “शेतातली बाई रडली की भुकेनंच रडायला पाह्यजे का? वाचताना दिसली की तुमचा फोटो बिघडतो?”

“तसं न्हाई…”

“चार वाजता माझे दादा मला न्यायला येऊ राह्यले. त्याच्या आत काढा हे खाली.”

दादांनी, म्हणजे तिच्या बापानं, कारभारींनी, दर बाजाराला भाजीच्या पिशवीतून तिला पुस्तकं आणून दिली होती. शेततळं खोदून शेत हिरवं ठेवलं होतं. त्यांनी ‘करपलेलं आयुष्य’च्या वर आपली लेक बघावी, हे तिला मुळीच नको होतं.

“चारलाच बक्षीस हाय,” पारस खाली बघत म्हणाला. “पयलंच. पप्पा म्हणले, हे भेटलं तरच दुकान सोड.”

“मंग घ्या की बक्षीस. माझं तोंड विकून घ्या.”

तो पाठ फिरवून निघून गेला. पळाला, दैवशाला मनात म्हणाली. एवढ्या रागातही तिला थोडं वाईट वाटलं.

चार वाजता कारभारी आले आणि मागं हात बांधून फोटो बघत निघाले. पहिल्या क्रमांकाच्या जागी नुसता खिळा होता. माईकवरून पारसचं नाव पुकारलं, तेव्हा तो नव्या जालन्यातून फोटो छापून धापा टाकत पोचला होता. त्यानं गुंडाळी उलगडून डोक्यावर धरली. हिरव्यागार मिरच्या, क्रेट, मांडीवर उघडं पुस्तक, ओळीवर ठेवलेला अंगठा… आणि डोळ्यात पाणी.

“पयला फोटो खोटा होता,” तो माईकवर म्हणाला. “ह्या पुस्तक वाचून रडू राह्यल्या होत्या. मी पुस्तकच कापलं. विचारलं बी न्हाई.” मग त्यानं थेट तिच्याकडे बघितलं. “आता विचारतो. हा लावू का?”

सगळ्या माना वळल्या. दैवशालानं मान डोलावली.

परीक्षक आपसात कुजबुजले आणि पहिलं बक्षीस बैलाच्या डोळ्याच्या फोटोला गेलं. कारभारी मात्र नव्या फोटोपुढून हलेनात.

“दोन कप चहा ठिवला वाटतं म्हाताऱ्यानं,” शेवटी ते म्हणाले, आणि गाडी काढायला बाहेर गेले.

दारात पारस आडवा आला. “अजून रागात हाव?”

“मंग? बक्षीस काहून घालवलं? मी फोटो खाली काढा म्हणले, बक्षीस सोडा न्हाई म्हणले.”

त्यानं हसून कॅमेरा उचलला. “विचारू?”

“विचारा.”

त्यानं कॅमेरा हळूच खाली घेतला. “फोटोचं न्हाई…”

दैवशालाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं पिशवीतून कादंबरी काढून त्याच्या छातीवर जवळजवळ आपटलीच. “आधी हे वाचा. दोनशे बाराव्या पानावर डोळे कोरडे राह्यले, तर विचारूच नका.”

बुधवारी सकाळी शेडनेटच्या दाराशी मोटरसायकल थांबली. पारसचे डोळे सुजले होते, आणि तो भयंकर चिडला होता.

“ह्या लेखकाचा पत्ता द्या मला. भांडायचंय. असं कुनी लिहितं का? दोन कप…” त्यानं बाहीनं नाक पुसलं. “मला तुमी लई आवडता. एवढंच होतं.”

दैवशालानं परागानं पिवळी झालेली बोटं ओढणीला पुसली आणि मोबाईल काढला. “फोटो काढू का?”

“आत्ता? असा?”

“विचारू राह्यले ना.”

त्यानं लाल नाकानं मान हलवली. पुस्तक चौकटीत नीट येईतो ती दोन पावलं मागं सरकली, मग फोटो काढला.

“मला बी तुमी,” ती म्हणाली. “पन राग गेला न्हाई अजून.”

“असू द्या,” पारस म्हणाला, आणि दुसरं क्रेट ओढून तिच्या शेजारी बसला.