रोजची पंधरा अंडी

संवेदकाने तीस अंडी मोजली होती. ट्रेमध्ये पंधरा होती.

ऋजुता उंबरकरने ट्रे पुन्हा मोजला. जैवतंत्रज्ञानाची पदवी घेऊन सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या औषधी-अंडी केंद्रात येऊन तिला आठ महिने झाले होते. पंधरापर्यंत मोजताना आपण चुकत नाही, एवढी खात्री तिला होती. शिवाय हा सलग नववा दिवस होता.

"कोंबड्या पुन्हा अंडी खायला लागल्या की काय?" केंद्रप्रमुख डॉ. खानोलकरांनी विचारले.

"शक्य नाही, सर. घरंगळपेटीचा तळ उतरता आहे. कोंबडी उठायच्या आत अंडे संवेदकासमोरून घरंगळत पडद्यामागच्या ट्रेमध्ये जाते. तिची चोच तिथे पोचतच नाही."

"मग कोणाचा हात पोचतो?"

ऋजुताने मान वळवली. खिडकीबाहेर कोंबड्यांची देखभाल करणाऱ्या सुगंधाबाई वळवी मक्याचे घमेले घेऊन खुराड्यात शिरत होत्या.

या अंड्यांच्या पांढऱ्या बलकात एक विकर होते, पिष्ट पचवणारे प्रथिन. काही मुले ते विकर नसलेलीच जन्माला येतात. त्यांनी खाल्लेली भाकरी पचत नाही. पोट नगाऱ्यासारखे फुगते आणि हातपाय काड्या होतात. अशा मुलाला रोज एक मात्रा कच्चा पांढरा बलक दिला की ते चारचौघांसारखे जेवू शकते. तिसऱ्या पिढीच्या कोंबड्या प्रत्येक अंड्यात एक मात्रा देत. रोज तीस अंडी, तीस मुले. जैवसुरक्षेची परवानगी चाळीसच कोंबड्यांची असल्याने संख्या वाढवता येत नव्हती. म्हणून खानोलकरांनी तिच्या जागी चौथी पिढी तयार केली. तिच्या पायात लाल कडी होती आणि तिच्या अंड्यात दुप्पट मात्रा. आणखी तीस मुलांची दुसरी यादीही तयार झाली.

पण लाल कडीवाल्या कोंबड्या आपलीच अंडी फोडून खाऊ लागल्या. तीसपैकी पंधराच हाती लागत. शिंपल्यांचा चुरा घालून पाहिला, मोहरी भरलेली अंडी ठेवून पाहिली, चटक सुटेना. शेवटी घरंगळपेट्या आल्या. कोंबड्या त्यांच्याकडे ढुंकून बघेनात. पाण्याच्या टाकीमागच्या कोपऱ्यातच अंडी घालत. सुगंधाबाईंनी तो कोपरा विटांनी बुजवला, पेट्यांना गोणपाटाचे पडदे लावले, प्रत्येकीत चिनीमातीचे एक अंडे चिकटवले. "एकीनं घातलंय असं वाटलं की दुसरी बसते, मॅडम. बाईमाणसाचंही तसंच असतं." दहा दिवसांत चाळीसही कोंबड्या पेट्यांत बसू लागल्या आणि ट्रेमध्ये तीस अंडी आली.

दोन आठवडे. मग पुन्हा पंधरा.

"तिची मुलगी दुसऱ्या यादीत आहे ना?" खानोलकर म्हणाले.

"रोशनी. पण सर, एका मुलीला पंधरा अंडी कशाला?"

"यादीत एकोणतीस मुले आणखी आहेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी ऋजुता पडद्यामागच्या बोळात जाऊन उभी राहिली. तिला स्वतःची लाज वाटत होती, पण ती हलली नाही. सुगंधाबाई आल्या. त्यांनी ट्रेमधली पंधरा अंडी एकेक करून ओच्यात घेतली आणि फाटकाकडे न जाता उलट कोंबड्यांकडे वळल्या. घमेल्याच्या काठावर अंडी फोडली, मक्याच्या भरड्यात कालवली. कोंबड्या तुटून पडल्या.

"सुगंधाबाई!"

बाई दचकल्या, पण घमेले सोडले नाही. "खाऊ द्या आधी. मग काय बोलायचं ते बोला."

"अहो, हीच खोड मोडायला तीन महिने घातले आपण!"

"खोड नाही ती. मधले दोन आठवडे आठवा. तुम्हाला सगळी अंडी मिळत होती तेव्हा कोंबड्या कशा दिसत होत्या?"

ऋजुताला आठवले. तुरे फिके, पोटे टम्म, उराचे हाड हाताला लागणारे. वजने घटल्याची नोंद तिनेच केली होती आणि पुढे 'नव्या पेट्यांचा ताण' असे लिहिले होते. नंतर वजने भरली, तेव्हा 'सरावल्या' असे लिहिले.

"तुम्हाला कसं कळलं?"

सुगंधाबाईंनी हात पदराला पुसले. "चोरी केली म्हणून. एक अंडं नेलं घरी. एकच. रोशनीला कच्चं पाजलं, उकडलं की गुण जातो म्हणून तुम्हीच सांगितलं होतं. रात्रीपर्यंत पोट उतरलं तिचं. सकाळी इथं येऊन बघते तर चाळीस रोशन्या. तेच पोट, तसंच न पचलेलं पडतंय खाली. म्हटलं, बघू तर देऊन."

"आम्हाला सांगायचं ना!"

"तुम्ही म्हणाला असता, 'बाई, पुन्हा चटक लावू नका.'"

ते खरे होते.

ऋजुता संध्याकाळी खानोलकरांसमोर बसली. "सर, विकराचे जनुक मुळात कोंबडीचेच आहे ना?"

"हो, किंचित बदललेले. जनुकाला जणू पत्ता असतो, 'आतड्यात काम कर' असा. आपण तो पालटून अंडवाहिनीचा दिला. पत्तापालट. तिसऱ्या पिढीत दोन प्रतींपैकी एकीचा, चौथीत दोन्हींचा. म्हणून मात्रा दु..."

ते थांबले.

"म्हणून आतड्यासाठी एकही प्रत उरली नाही," ऋजुता म्हणाली. "आजार आपणच दिला त्यांना आणि औषध त्यांच्याच अंड्यात. मी पेट्या येण्याआधीचे चित्रण तपासले. प्रत्येक कोंबडी एक अंडे फोडते, पुढचे तसेच ठेवते. चटक असती तर दोन्ही फोडली असती."

"म्हणजे निम्मी त्यांना लागतात."

"उरतात पंधरा. प्रत्येकात दोन मात्रा. तीस मुले, सर. तिसऱ्या पिढीएवढीच."

खानोलकरांनी समोरच्या दोन याद्यांपैकी दुसरी उलटी करून ठेवली. "पेट्यांचा उतार काढून टाका," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऋजुताने पाचर ठोकून पहिल्या पेटीचा तळ सपाट केला. सुगंधाबाई पेटी धरून उभ्या होत्या. दुसरी यादी थांबवल्याचे त्यांना सकाळीच सांगून झाले होते.

"रोज पंधरा अंडी तुमच्या हातातून जात होती," ऋजुता म्हणाली. "मग एकच का नेलंत?"

"दुसरंही ओच्यात घेतलं होतं." त्यांनी पडदा बाजूला केला. आत लाल कडीवाली एक कोंबडी नुकतेच घातलेले अंडे चोचीने उलटसुलट करत होती. "मग हिच्याकडे बघितलं. रोशनीला रोज लागणार. ही मेली तर उद्याचं कोण घालणार?"

अंडे घरंगळले नाही. कोंबडीने मान वाकडी करून एकदा दोघींकडे पाहिले आणि चोच मारली. कोणीच तिला हाकलले नाही.