रपट्यावर राहिलेली ओळ

"त्या जंगलातल्या रपट्यावर गाणं अर्धं सोडलं ना बाई, तं गळाच..." एवढं दळणाच्या रांगेतली लालीबाई बोलली आणि पिठाची चक्की सुरू झाली. गळाच काय, ते घरघरीत बुडालं. शेजारी कोणती भाजी शिजते हे वासावरून सांगणारी बाई विमलताई. तिला अर्धी गोष्ट पचते होय? पण तिचं दळण होईस्तोवर लालीबाई डबा डोक्यावर घेऊन निघूनही गेली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या दिपालीला यवतमाळला जायचं होतं. एका निवासी शाळेत गाणं शिकवायची जागा निघाली होती, तिथं गाऊन दाखवायचं होतं. पोरीच्या आईला ताप, म्हणून सोबतीला विमलताई.

किसनसिंगची भाड्याची गाडी झरीहून सकाळीच निघाली; दोघी पुढंच त्याच्या शेजारी बसल्या, मागची सीट रिकामी. वावरात बाया कापूस वेचत होत्या, टेपवर गाणं चालू होतं. गाणं असलं की रस्ता आखडतो, असं विमलताईला नेहमी वाटे. सागाचं रान लागलं, पुढं नाल्यावरचा रपटा, तो कठड्याविनाचा बुटका पूल, दिसला, आणि किसनसिंगनं गाडी कडेला घेतली.

"काहून थांबला रे भाऊ?"

"गाणं पुरं होऊ देतो, काकू. सारे डायवर इथं असंच करतेत."

"अन् नाही होऊ देलं तं?"

किसनसिंगनं टेपचा आवाज वाढवला. गाणं संपल्यावर त्यानं टेप बंद केला, काचा वर केल्या आणि गाडी हळूच रपट्यावर घातली.

नाला कोरडा होता, तरी गाडीत ओल्या गाळाचा वास भरला. पाखरूही ओरडत नव्हतं. दिपालीचं लक्ष तिच्या मुलाखतीत. ती भुलाबाईचं गाणं गुणगुणू लागली. तेच तिला तिथं म्हणायचं होतं. भुलाबाईचं गाणं कोणी धरलं की बाकीच्यांनी मागून ओढायचं, ही लहानपणची सवय. विमलताईनंही आपल्या जाड्याभरड्या आवाजात साथ धरली. शेवटची ओळ आली आणि दिपालीचा मोबाईल वाजला. दोघीही थांबल्या.

"हॅलो... हो सर, रस्त्यातच आहे..."

तेवढ्यात मागच्या रिकाम्या सीटवरून ती ओळ कोणीतरी पुरी केली. अगदी हळू. दिपालीच्याच आवाजात.

"तुह्या मोबाईलमधून वाजलं का व?"

"मोबाईल तं कानाले आहे, काकू..."

किसनसिंगनं मागं न बघता गाडी दामटली.

शाळेत दिपालीनं गाणं सुरू केलं तेव्हा साहेबांनी पंखासुद्धा बंद करायला लावला. शेवटच्या ओळीपाशी तिचे ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या, पण आवाज आला नाही. दाराशी उभ्या विमलताईला लालीबाईचं अर्धं राहिलेलं बोलणं आठवलं. गळाच...

"दुसरं म्हण, पोरी!" ती दारातूनच ओरडली.

दिपालीनं डोळे पुसून भजन म्हटलं. घंटेसारखा खणखणीत आवाज! जागा तिलाच मिळाली, उद्यापासूनच रुजू व्हा म्हणाले. मग तिला तिथंच ठेवून विमलताई एकटी परत निघाली.

"गळाबिळा काही जात नाही रे," रस्त्यात ती किसनसिंगला म्हणाली. "एक ओळ तेवढी अडली. उद्या लालीबाईले सांगतोच मी."

ऊन कलतं झालं होतं. रपट्याअलीकडं त्यानं टेप बंद केला, काचा वर केल्या. पुन्हा तोच गाळाचा वास आला, आणि मागून ती ओळ उमटली. दिपालीचा आवाज. पुन्हा तीच ओळ. पुन्हा...

"काकू," किसनसिंग कसाबसा बोलला, "तुमी नोका म्हनू संगं..."

"मी कुठं..."

विमलताईनं ओठांवर हात ठेवला. ओठ घट्ट मिटलेले होते. मागच्या सीटवर दिपालीच्या आवाजाला आता एक जाडीभरडी साथ लागली होती.