काय जमलं, काय फसलं

समोर ठेवलेला चहा गार करणारा माणूस द्वारकाबाईंना मुळातच खपत नसे, आणि कल्याण दर गुरुवारी नेमकं तेच करी. शहागडच्या पुलाअलीकडं त्यांची खानावळ. ट्रकवाले येत, दोन घोटांत कप रिकामा करून हायवेला लागत. हा मात्र बियाण्याच्या कंपनीचा पोरगा, शेताशेतांतून फिरून कोणतं वाण कसं उगवलं त्याची नोंद करणारा. खिडकीशी बसे, आणि चहावर साय धरेपर्यंत गल्ल्यावरच्या पायलकडं पाहत राही. पाहायचं तर पाहा बाबा, पण तोंड उघड की.

पायल म्हणजे त्यांच्या मुलाची, भुजंगची लेक. पोरीला जपानी कार्टूनचं वेड. जादू, राक्षस, उडती शहरं.

"कार्टून न्हाई आजी, अ‍ॅनिमे."

"नाव काही ठेव. माणूस ट्रकखाली जातो अन् दुसऱ्या जगात राजा होतो? आपल्या हायवेवरून इतके गेले, एकाचा तरी निरोप आला का?"

पायल दुपारी कोठीत, पिठाच्या गोण्यांमधी बसून या मालिकांचं बरंवाईट फोनमधी बोलून इंटरनेटवर टाकायची. तिथं आवाज घुमत नसे. आधी काय जमलं, मंग काय फसलं. चेहरा कधी दाखवला नाही. आजीचं ते ट्रकवालं वाक्य मात्र तिनं 'काय फसलं'मधी जसंच्या तसं घातलं होतं. द्वारकाबाईंनी ते दाराआडून ऐकलं, आणि चिडल्याचं सोंग दोन दिवस टिकवलं.

कल्याण पहिल्यांदा आला तो दिवाळी सरल्यावर. पायलनं आत हाळी दिली, "दोन पिठलं, भाकरी गरम," आणि त्याचा कप ओठाशीच थांबला.

"हा आवाज... 'काय जमलं, काय फसलं' — ते तुम्हीच ना?"

पायलचे कान लाल झाले. "हळू बोला. गावात कुणाला ठावं न्हाई."

"मला पटलं न्हाई पण तुमचं. त्या दिव्यांच्या राज्याच्या मालिकेला तुम्ही सहा भागांतच नापास केलं. आम्ही अर्ध्या पिकावर मत देत न्हाई. बोंड फुटंपर्यंत थांबतो."

"मंग थांबा. मला गिऱ्हाइकं हायेत."

तो थांबला. चहा तेव्हा पहिल्यांदा गार झाला.

मंग दर गुरुवारी भांडण. जादूला नियम हवेत की नकोत, राक्षसाला आई असावी की नसावी. पायल म्हणे, मधले भाग पाणी घातलेल्या वरणासारखे. तो म्हणे, पण त्या गावातला बाजार कसा काढलाय, कोथिंबिरीचा वास येतो. गुरुवारी सकाळीच खिडकीच्या टेबलावर पाण्याचा जग ठेवलेला दिसे, कुणी बसू नये म्हणून. द्वारकाबाई भाकरी थापता थापता सगळं पाहत.

आणि आता रविवारी धावड्याचे पाहुणे पायलला बघायला येणार होते. भुजंगनं परस्पर ठरवलं. पोर हो म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. आठ दिवस कोठीतून आवाज नव्हता. तिच्या हातून वरणात दोनदा मीठ पडलं. द्वारकाबाईंच्या जिवाला घोर लागला. त्यांना बघायला आल्ते तेव्हा त्यांनी मान खाली घालून नवऱ्याचे फक्त पाय पाहिले होते. संसार झाला, बराही झाला. पण ते पाय अजून आठवत.

गुरुवारी कल्याण आला. पायलनं चहा ठेवला.

"दिव्यांच्या राज्याचा शेवट पाह्यला?" नजर बडीशेपेच्या वाटीवर.

"पाह्यला. चांगला वाटला."

"चांगला? बारा भाग तो तलवारीनं डोंगर फोडतो, अन् ती नावेत बसते तव्हा काठावर नुसता उभा?"

"त्याला वाटलं असंल... बोललं तर तिलाच अडचण होईल. घरचे काय म्हणतील—"

"तिला विचारलं त्यानं?"

कल्याण बशीची कड बोटानं पुसत राहिला.

"रविवारी पाहुणे येऊन राह्यले," पायल म्हणाली. "धावड्याचे. मला बघायला."

बशी वाजली. थोडा चहा सांडला.

"बरं," तो म्हणाला.

नुसतं बरं. हेल्मेट चढवलं आणि निघाला. द्वारकाबाईंच्या हातातली भाकरी तव्यावर जायच्या आधीच फाटली. चाळीस वर्षांत कधी फाटली नव्हती. दारातून गाडी दिसत होती. तो बसला होता, पण गाडी चालू करत नव्हता. एक ट्रक गेला. दुसरा गेला. पायल सांडलेला चहा पुसत होती... पुसून झालेल्या जागीच फडकं फिरत होतं. गेला हा, तर पोर रविवारी मान खाली घालून बसंल, अन् पायच बघंल.

तिसरा ट्रक गेला आणि तो परत आला. हेल्मेट डोक्यावर तसंच.

"त्या शेवटाबद्दल मी खोटं बोललो. मला... तुम्ही..."

"हेल्मेट काढा," पायल म्हणाली. "आवाज घुमून राह्यला."

त्यानं काढलं. केस घामानं कपाळाला चिकटलेले. "मला तुम्ही आवडता. तुम्हाला काय वाटतं, ते विचारायला आलो."

पायलनं फडकं खाली ठेवलं. "तुमच्या बोंडाला लई टाइम लागला," ती म्हणाली. "मी तर कव्हाची थांबलेय."

द्वारकाबाई पिठाच्या हातानंच उठल्या. गाळणीखाली नवा कप धरला, भरला, आणि तो घेऊन कल्याणपुढं उभ्या राहिल्या.

"आधी तुझं काय जमलं ते ऐक. पोरीचं बोलणं पुरं ऐकून घेतोस, अन् परत आलास. आता फसलं ते. चार महिने माझ्या दुधाची नासाडी केलीस, अन् एका 'बरं'वर हिला सोडून निघाल्तास. धावड्याला भुजंग नको म्हणून फोन करंल, ते मी बघते. रविवारी तू आईला घेऊन ये. तुला पास केलं न्हाई अजून. पीक पुरं बघायचंय. आता बस, अन् हा गरम हाये तोवर पी."