ओढलेलं बोट

ही गोष्ट खरी आहे. माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत घडलेली. विश्वास बसत नसेल तर खुशाल पुढे सरका, कोणी हाताला धरून बसवलेलं नाही.

आणि रात्र वगैरे नव्हती.

रविवारची दुपार. साडेतीन. लख्ख ऊन. हाडांच्या दवाखान्यातली, पहिल्या मजल्यावरची ऑपरेशनची छोटी खोली.

टेबलावर तिची सहा वर्षांची मुलगी. घसरगुंडीवरून हातावर पडलेली. उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट मुळाशी निखळलं होतं. बोट जरासं वर उचललेलं, आणि खाली तळहातावर एक खळी…

जणू आतून कोणीतरी कातडी चिमटीत धरली होती.

शेजारी नवरा. नवरा कसला, खुर्चीवर ठेवलेली पिशवी. आल्यापासून एकच वाक्य, "होईल गं सगळं नीट."

समोर डॉक्टर. वय पस्तिशीचं, तोरा सत्तरीचा.

"घरी कोणी बोट ओढलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

खोटं.

तासाभरापूर्वी स्वयंपाकघरात तिनेच ओढलं होतं. मोबाइलवर व्हिडिओ लावून. एकदा नाही, दोनदा. एवढी शिकलेली बाई! ओढण्याआधी बोट नुसतं वाकडं होतं. खळी नंतर पडली.

ती "नाही" म्हणाली आणि मागून आवाज आला…

च्च.

समोरच्याची लाज काढताना जिभेने करतात ना, तसा.

तिने वळून पाहिलं. हात धुवायचं बेसिन. एक स्टूल. स्टुलावर कोणी नव्हतं.

डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन बोट बधिर केलं. "एक झटका, की जागेवर!"

ओढलं.

बोट तसूभरही हललं नाही.

च्च…

या वेळी मावशींनीही मान वर केली. मावशी म्हणजे तिथल्या जुन्या आया.

"मामा," त्या पुटपुटल्या.

"कोण मामा?" तिने विचारलं.

"इथले मदतनीस. तीस वर्षं ऑपरेशनला पेशंटचा हात धरून ठेवायचे. भल्याभल्यांना 'च्च' करून तोंडावर सुनवायचे, 'हात आहे तो, दाराची कडी नाही.' गेल्या वर्षी वारले. त्या स्टुलावर अजून कोणी बसत नाही."

"मावशी, नळ गळतोय तो," डॉक्टर म्हणाले. "भुतांपेक्षा प्लंबर शोधा."

तिने नळाकडे पाहिलं. कोरडा ठणठणीत.

डॉक्टरांनी पुन्हा बोट पकडलं. "आता जरा जोर लावतो."

"आई!" मुलगी ओरडली.

आणि आता तो आवाज थेट तिच्या कानाशी आला. गार श्वासासकट. स्पिरिटच्या वासासकट.

च्च. च्च. च्च.

"थांबा!" ती किंचाळली. "ओढलं होतं! घरी ओढलं होतं!"

"कोणी?"

तिने शेजारी बोट दाखवलं.

"ह्यांनी."

पिशवीने मान वर केली. तिच्याकडे पाहिलं.

आणि मान पुन्हा खाली घातली.

"धन्य आहात!" डॉक्टर नवऱ्यावर उखडले. "आधी सांगायला काय झालं होतं? आता सांध्याचा पडदा आत अडकला असणार. जितकं ओढू तितका घट्ट बसेल. उघडावंच लागेल."

मुलीला पूर्ण भूल दिली. पाऊण तास मैत्रीण बाहेरच्या बाकावर बसून होती. नवरा शेजारी.

डॉक्टर बाहेर आले. "पडदा सांध्यात दुमडून बसला होता. चीर देऊन सोडवला, हाड आपसूक जागेवर गेलं. बोट वाकेल. अजून एकदा ओढलं असतं, तर हाडच मोडलं असतं."

तोरा तेवढाच. ओढत कोण होतं, ते सोयीने विसरलेले.

त्यांच्यामागून मावशी आल्या. चेहरा पांढराफटक.

"आत हातमोजे घातलेले दोघंच होते, डॉक्टर आणि भूल देणारे," त्या हळूच म्हणाल्या. "पण कचऱ्यात हातमोज्यांचे जोड तीन निघाले. तिसरा आठ नंबरच्या मापाचा…"

"मग?"

"मामा गेल्यापासून आठ नंबर इथे कोणालाच लागत नाही."

दोन वर्षं झाली. मुलगी त्याच बोटाने पेन्सिल धरते, झकास लिहिते. नातेवाईक नवऱ्याची अजून टिंगल करतात, "आले बघा, बोट ओढणारे बाबा!" तो हसतो. तीही हसते.

ती हसली की मागून आवाज येतो.

घर बदललं. आवाज नाही बदलला.

तुम्ही म्हणाल, मैत्रिणीचं मन तिला खातंय, दुसरं काही नाही. मीही स्वतःला तेच सांगत होते.

पण आत्ता, भर दुपारी, हे लिहायला बसले. घरात मी एकटी. दार आतून लावलेलं. पहिल्याच ओळीत 'माझ्या मैत्रिणीच्या' असं टाइप केलं…

च्च.