दोन सुरांची शिट्टी

हा प्रसंग खरा आहे. मी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, रंगांच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. जे मोजता येत नाही ते मी मानत नाही. हे मोजता आलं नाही. तरीही सांगते आहे.

गेल्या डिसेंबरातला शुक्रवार. त्या दिवशी वसाहत बंद असते, म्हणून मी घरी होते. अंबरनाथ पूर्वेला लिफ्ट नसलेल्या इमारतीत आमचा तिसरा मजला. घरात आई आणि मी. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

दुपारी खालून आरोळी आली.

“कूऽकर... गॅसशेगडी रिपेरिंऽग!”

आमच्या कुकरची शिट्टी धड वाजत नव्हती. आईने खिडकीतून हाक मारली. वर आलेल्या माणसाने आपलं नाव मुकेश सांगितलं, राहणार उल्हासनगर कॅम्प पाच. त्याने रबरी रिंग बदलली, झाकण साफ केलं. मग शिट्टी बोटांत धरून विचारलं, “मावशी, सीटी कैसी मंगता?”

“म्हणजे?”

“सबका कुकर एक जैसा चिल्लाता है. बाजूवालीची वाजते, तुम्ही तुमचा गॅस बंद करता. मी हर घरको अलग आवाज बनवून देतो. शौक है अपना.”

मी हसले. आई हसली नाही.

“आमचे हे कामावरून आले की खालून शिट्टी मारायचे,” ती म्हणाली. “तशी जमेल?”

बाबांनी आईला कधी नावाने हाक मारली नाही. पिशव्या जड असोत वा चप्पल तुटलेली असो, ते खाली उभं राहून शिट्टी मारत आणि आई हातातलं टाकून जिना उतरे. तिच्यासाठी दोन सूर, एक खालचा, लगेच एक वरचा. माझ्यासाठी तीन सुरांची वेगळी शिट्टी होती. तिचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

आईने दोन सूर गुणगुणून दाखवले. मुकेशने बारीक कानशीने छिद्राची कड घासली, फुंकून पाहिली, डोळे मिटून पुन्हा घासली. मग कुकरमध्ये पाणी घालून गॅस पेटवला. वाफ चढली आणि...

बाबा घरी आले.

म्हणजे, आवाज हुबेहूब तसा आला. वाफेचा जोर वाढला की सूर चढतो, यात गूढ काही नाही. मी आईला तसं सांगितलं. तिने डोळ्यांना पदर लावला होता.

“रडू नको मावशी,” पिशवी उचलत मुकेश म्हणाला. “रोज भात लावशील, रोज ऐकशील.”

पुढच्या शुक्रवारी, दिवेलागणीला...

कुकर घासून ओट्यावर पालथा घातला होता. शिट्टी माझ्या डोळ्यांसमोर, कोरडी.

आणि जिन्यातून दोन सूर आले.

आई उठली. कडी काढून अनवाणी जिना उतरू लागली. मी तिला दुसऱ्या मजल्यावर गाठलं.

“खाली थांबलेत ते,” ती अगदी सहज म्हणाली.

मी कारणं शोधली. साळुंकी आवाजांची नक्कल करते. इमारतीतली पोरं करतात. पुन्हा सूर आले तेव्हा फोनवर ध्वनिमुद्रण केलं, त्यात पंखा होता, आईच्या बांगड्या होत्या, कडी होती.

शिट्टी नव्हती.

मग ती शिट्टीच मी कामावर नेऊन कपाटात कुलूपबंद केली. घरात शिट्टी नाही, तर आवाजही नाही, असा साधा तर्क.

त्याच संध्याकाळी पुन्हा दोन सूर आले. या वेळी आई फाटकाबाहेर रस्त्याच्या मधोमध सापडली. समोर टेम्पो उभा होता आणि चालक आम्हा दोघींना शिव्या घालत होता. तिचे हात बर्फासारखे होते.

“वर येत नाहीत गं,” ती म्हणाली. “मलाच बोलावतात.”

शेजारच्या कीर्तीवहिनींनी सल्ला दिला, “लिंबू उतरवून टाक, शलाका. आणि तो मेला कुकर दे भंगारात.”

“वहिनी, तुम्हाला ऐकू येते शिट्टी?”

“येते तर! म्हणून तर संध्याकाळी टीव्ही मोठा ठेवते.”

लिंबू मी उतरवलं नाही. दुसऱ्या दिवशी शिट्टी परत आणून कुकरवर बसवली. माझ्या घरातली वस्तू कुणाच्या भीतीने बाहेर जाणार नव्हती. आईला मात्र मी जाऊ देणार नव्हते. पुढच्या शुक्रवारी दाराला पाठ लावून बसले.

दिवे लागले. आई मेथी निवडत होती.

एक खालचा सूर... एक वरचा.

आई उभी राहिली. “बाजूला हो.”

“नाही.”

“बाजूला हो म्हणते ना! जात नाहीये कुठे. बोलायचंय मला.”

तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की मी सरकले. आईने दार सताड उघडलं. जिन्यात कुणी नव्हतं. मेथीची जुडी हातात तशीच धरून ती त्या रिकाम्या जिन्यावर कडाडली.

“अहो, ऐकताय का? तव्यावर भाकरी टाकून आले. तापात आले. ही पोटात असताना तीन-तीन मजले उतरून आले. एकदा तरी नावाने हाक मारलीत? अंजनी नाव आहे माझं! आता नाही येणार. यायचं तेव्हा माझी मी येईन. तोवर थांबा तिकडेच!”



मग खालच्या वळणावर चप्पल सरकल्याचा आवाज... एक पायरी उतरल्याचा.

आणखी एक.

मग काहीच नाही.

आईने दार लावलं आणि पुन्हा मेथी घेऊन बसली. त्या दिवसापासून दोन सुरांची शिट्टी फक्त आमच्या कुकरची वाजते. आई रोज भात लावते. मला वाटलं, संपलं.

मागच्या शुक्रवारी दिवेलागणीला मी पलंगावर पाय घेऊन वाचत बसले होते. कुकर अजून चढवला नव्हता.

जिन्यातून शिट्टी आली.

तीन सूर.

ही शिट्टी मुकेशला कुणी सांगितली नव्हती. कोणत्याही कानशीने ती घडवलेली नाही. माझे पाय माझ्याआधी जमिनीला टेकले, हेही मी प्रामाणिकपणे नोंदवते.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझ्या पायांकडे बघत.

“ऐकलंस?” तिने विचारलं.

मी पाय पुन्हा वर घेतले.

“नाही,” मी म्हणाले.

“शाबास,” आई म्हणाली आणि टीव्ही मोठा केला.