नमुना क्रमांक चारशे अठरा

बावीस वर्षं मी बशीत जंतू वाढवतेय आणि त्यांच्यावर औषधाच्या टिकलीएवढ्या चकत्या ठेवतेय. चकतीभोवती स्वच्छ गोल पडला, तर औषध लागू. नाही पडला, तर ते फुकट. दोन दिवस थांबायचं, पट्टीने गोल मोजायचा, वहीत लिहायचं. त्याच वह्यांवरून इस्पितळवाल्यांनी संगणकाला शिकवलं. आता तो जंतूची जनुकं वाचून तासाभरात उत्तर देतो. माझ्या जिवावर शिकला आणि माझ्याच डोक्यावर मिरी वाटायला लागला मेला.

नोंदणीच्या काकू उद्याचे नंबर आजच टाकून ठेवतात. एका सोमवारी संगणकाने त्या रिकाम्या ओळींपुढेही उत्तरं लिहिली. दुरुस्तीवाला म्हणाला, बाई, नमुना नसताना तो बोलणारच नाही. मंगळवारी नमुने आले. गुरुवारी मी बश्या मोजल्या. बाराच्या बारा उत्तरं जुळली. कोणाला सांगणार? मलाच वेड्यात काढलं असतं.

पुढच्या गुरुवारी माझा दादा आमच्याच वॉर्डात दाखल झाला. पायाच्या जखमेत पू. डॉक्टरांनी सवयीने आधी तीन औषधं ओतली, मग त्यांना नमुन्याची आठवण झाली. उद्याचा पहिला नमुना दादाचा, नंबर चारशे अठरा. मी पडद्यावर ती ओळ पाहिली. सोळाही औषधांपुढे एकच शब्द होता: निरुपयोगी.

मी खालची ओळ वाचली: चारशे एकोणीस, सोळाही औषधं लागू.

सकाळी काकूंच्या आधी पोचून मी दादाच्या बाटलीवर चारशे एकोणीसची चिठ्ठी लावली. घाईघाईत नमुना पसरताना काचपट्टी फुटून बोटात घुसली.

"अगं, चारशे अठरा कुठे गेला?" काकूंनी विचारलं.

"राहू दे रिकामा."

रविवारी दादाची बशी उघडली. प्रत्येक चकतीभोवती गोल, स्वच्छ, मोठा. बशीपुढे बसून मी पोटभर रडले.

बोट मात्र ठणकत होतं. सोमवारी कोपरापर्यंत लाल रेघ चढली. काकूंनीच मला मायेने खुर्चीत बसवलं, डॉक्टरांना बोलावलं, बोटातल्या पुवाची बाटली स्वतः नोंदवली.

"नंबर कितवा?" मी विचारलं.

"तो रिकामा मला सलतच होता गं. त्यातच बसवलं तुला."

आज बुधवार. माझी बशी मी खिडकीच्या उजेडात धरलीय. पट्टी हातात आहे. मोजायला काही नाही.