दाब, धरला, सोड

गाडीच्या ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात आणि तीन शब्द. गाडीखाली झोपलेला म्हणतो, ‘दाब’. सीटवरचा पेडल दाबून म्हणतो, ‘धरला’. खालचा चाकामागचा निपल, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, सैल करतो, तेलासोबत बुडबुडे निघतात, निपल आवळला की म्हणतो, ‘सोड’. ते ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही. उचलला की हवा परत आत.

कामरगावात चाळीस वर्षं मी हेच केलं. उरलेल्या वेळात थापा मारल्या. नाल्यातल्या मगरीनं माझा पाना गिळला आणि तेव्हापासून ती चालताना नट आवळल्यासारखी वाजते, ही थाप माझीच. कोणी मानली नाही. लोकांनी मानली ती थाप एकच.

इंझोरीच्या पंजाबरावाच्या जीपचा मास्टर सिलिंडर गळत होता. पेडल दाबलं की चाकांकडे तेल ढकलतो, तो हा. नवा टाक, म्हणाला. नव्यासाठी कारंज्याला जावं लागलं असतं आणि ऊन फार होतं. मी जुन्याचीच रबरं बदलली, वरून काळा रंग मारला. हवा काढताना सीटवर पंजाबराव स्वतःच होता. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, त्यामुळे त्याचं ‘धरला’ ‘धल्ला’ असं यायचं. तिसऱ्या दिवशी धनजच्या उतारावर पेडल तळाला गेलं. मौतीला मी सगळ्यांना सांगितलं, ब्रेक तर नवाच होता.

पाच वर्षं ती जीप झाकून पडली होती. गेल्या चैत्रात त्याची बायको भागिरथा ती ट्रॅक्टरला बांधून घेऊन आली. पोरगी सपनानं लायसन काढलं होतं; मेथी-वांगी आता तीच बाजारात नेणार होती. जुना सिलिंडर मी भागिरथाच्या नजरेआड खोलला आणि गोणपाटाखाली सारला. नव्याचा डबा तिच्यासमोर फोडला. हवा कशी काढतात तेही समजावलं, तिन्ही शब्दांसकट. तिनं सगळं ऐकून घेतलं.

‘‘भाऊजी,’’ ती म्हणाली, ‘‘तवा टाकला तोई नवाच होता ना?’’

‘‘नवाच.’’

मायलेकी समोरच्या टपरीवर पाणी प्यायला गेल्या. दुपारचे बारा असतील. मी मागच्या चाकाशी आडवा झालो आणि सवयीनं म्हणालो, ‘‘दाब.’’

‘‘धल्ला.’’

निपल सैल केला. बुडबुडे आले. आवळला. सोड म्हणालो, पेडल वर गेल्याचा आवाज आला. तीन चाकं अशी झाली. चौथ्याला पुन्हा ‘धल्ला’ आलं, सोबत चुना-सुपारीचा वास आला, आणि माझ्या तोंडून ‘सोड’ निघेना.

सरकत बाहेर आलो. सीटवर कोणी नव्हतं. मायलेकी रस्त्यापलीकडे ग्लास धरून उभ्या होत्या.

पेडल तळाला टेकलेलं होतं. हातानं ओढून पाहिलं. येईना.

‘‘सोड,’’ मी हळूच म्हणालो.

काही नाही.

भागिरथा परत आली. तिनं पेडल पाहिलं, मग मला पाहिलं. म्हणाली, ‘‘तुमी बसून पाहा.’’

मी बसलो. पाय ठेवला. पेडल आपसूक वर येऊन तळपायाला टेकलं.

गाडीखालून आवाज आला. ‘‘दाब.’’

मी दाबलं.

‘‘धरला,’’ म्हणालो.

खाली पाना वाजला. ‘सोड’ काही आलं नाही.

भागिरथानं वाकून बराच वेळ गाडीखाली पाहिलं. उठून पदर सारखा केला.

‘‘भाऊजी, तो नवाच होता ना?’’

‘‘नवाच.’’

मला मायलेकींनी धरून उतरवलं. उजवं पाऊल मात्र दाबलेलंच राहिलं. वाशीमचा डॉक्टर शीर आखडली म्हणतो. बुटाचं टोक तेवढं झिजतं, टाच कोरी.

सपनाचा ब्रेक एक नंबर लागतो. रोज सकाळी जीप माझ्या दारापुढे थांबते. तिसरा शब्द भागिरथाला मीच शिकवला आहे. ती तो म्हणत नाही. खिडकीतून माझं पाऊल बघते आणि रोजचं तेच विचारते.

मी म्हणतो, नवाच.

पाऊल आणखी थोडं खाली जातं.